सुरमई, पापलेट आणि माझ्या सासूबाई

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत विजेवर चालणारं असं एकही यंत्र नसेल जे माझ्या सासूबाईंना वचकून नाही, असं माझं ठाम मत आहे. आमच्या घरातला मिक्सर माझ्या हातात कण्हतो, नवऱ्याच्या हातात जळका वास सोडतो, आणि सासूबाई नुसत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या की शहाण्यासारखा फिरायला लागतो. सोसायटीची लिफ्ट अडकली तर वॉचमन लिफ्टवाल्याला नंतर फोन करतो, आधी आमची बेल वाजवतो. सासूबाई ओढणी कमरेला बांधून जातात, लिफ्टच्या दारावर दोन थापा मारतात आणि विचारतात, "काय झाला रे तुका?" लिफ्ट चालू होते. तो योगायोग असतो असं त्या स्वतःच म्हणतात, पण लिफ्टला ते माहीत नसावं. माणसांशी त्या मराठी बोलतात, कंपन्यांच्या लोकांशी इंग्रजी आणि यंत्रांशी फक्त मालवणी. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, रागवायला आपलीच भाषा बरी पडते. इंग्रजीत कुणाला 'मेल्या' म्हणता येतं का?"

माझी त्यांची ओळख सासू म्हणून झालीच नाही. मरोळच्या बाजूला एका ट्रस्टचं मोठं इस्पितळ आहे. तिथे मी ओपीडीच्या नोंदणी खिडकीवर बसते, आणि त्या तिथल्या नेटवर्क विभागाच्या प्रमुख होत्या. वडील मालवणकडून गिरणीत आलेले. मुलीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, इस्पितळात बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करायला म्हणून लागली, आणि पुढे इमारतीत कॉम्प्युटर आले तेव्हा "हीसुद्धा यंत्रंच ना" म्हणून तेही तिच्याच गळ्यात पडले. आम्ही सगळ्या त्यांना मॅडम म्हणायचो आणि टरकून असायचो. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर त्या माझ्या टेबलाखालून बाहेर आल्या (त्या नेहमी कुणाच्या ना कुणाच्या टेबलाखाली असायच्याच), गुडघे झटकले आणि विचारलं, "कीबोर्ड नीट चालतोय?" मी म्हटलं, "हो मॅडम." "माऊस?" "हो मॅडम." "लग्न ठरलंय?" मी त्याच सुरात "हो मॅडम" म्हणून गेले आणि मग घाईघाईने "नाही, नाही" केलं. "माझा मुलगा आहे. बरा आहे. बघा," एवढं बोलून त्या पुढच्या टेबलाखाली शिरल्या.

मग रीतसर आमच्या मुलुंडच्या घरी आल्या. माझ्या आईने पोहे केले होते, बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सासूबाईंनी दारातून आत पाऊल टाकलं आणि त्यांना टीव्हीमागून निघून दाराखाली चेपलेली एक वायर दिसली. वायर दिसली की तिचं दुसरं टोक सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. त्या टीव्हीमागे गेल्या. पोहे गार झाले. सासरे आणि माझे बाबा हवापाण्याविषयी बोलत राहिले, भावी नवरा छताकडे बघत राहिला, आणि टीव्हीमागून मधूनमधून आवाज येत राहिला, "कात्री आहे का हो?", "चिकटपट्टी?" शेवटी बाबा आईच्या कानात पुटपुटले, "या मुलगी बघायला आल्यात की टीव्ही?" तेवढ्यात सासूबाई धुळीने माखलेल्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता आग लागायची नाही. आमच्याकडून होकार." आमच्या नात्यात आजही सांगतात की माझं लग्न वायरमुळे जमलं, आणि ते काही खोटं नाही.

लग्नानंतर गंमत वाढली. इस्पितळाच्या फाटकातून आत शिरले की मी "तुम्ही" व्हायचे आणि बाहेर पडले की "तू". सकाळी घरी "अगं, डब्यात लोणचं ठेवलंय" म्हणणारी बाई तासाभराने फोनवर विचारायची, "खिडकी क्रमांक तीन, तुमच्याकडे कुणी प्लग काढलाय का?" घरात प्रत्येक वस्तूला चिठ्ठी चिकटलेली. वायरींच्या दोन्ही टोकांना तर होतीच, पण डब्यांवरही "साखर, मीठ नव्हे" असं लिहिलेलं. सासऱ्यांच्या चष्म्याच्या पेटीवर त्यांचं नाव होतं, आणि चष्म्याशिवाय त्यांना ते वाचता येत नसे. इस्पितळात नवं यंत्र आलं की त्या ते त्याच दिवशी कधी उघडू द्यायच्या नाहीत. "प्रवासातून आलंय, त्याचा घाम सुकू दे आधी," म्हणायच्या. आम्हाला वाटायचं, ही काहीतरी श्रद्धा असेल. मग कळलं की थंड गोदामातून दमट हवेत आलेल्या यंत्राच्या आत खरोखरच पाणी धरतं. नारळ मात्र यंत्राजवळ फोडायला सक्त मनाई. तो कँटीनमध्ये फोडायचा आणि हळदकुंकू यंत्राला न लावता शेजारच्या भिंतीला लावायचं. सर्व्हरच्या खोलीतली ती भिंत एखाद्या देवळासारखी दिसते.

पण त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे नावं. प्रत्येक सर्व्हरला एक नाव द्यावं लागतं. इतर ठिकाणी लोक आकडे देतात, सासूबाई मासे देतात. नोंदणीचं सगळं काम जिच्यावर चालायचं ती सुरमई. त्यात आमचे विश्वस्त पक्के शाकाहारी, अंडं घातलेला केकसुद्धा दुरून बघणारे. त्यांच्या मोबाईलवर कधी सकाळी सकाळी निरोप यायचा, "सुरमई गरम झाली आहे." ते कळवळून म्हणायचे, "मॅडम, निदान मला पाठवताना तरी दुसरं नाव लिहा ना!" सासूबाई गंभीरपणे सांगायच्या, "सर, नाव बदललं तर मला ओळखता येणार नाही."

या सुरमईचं दुखणं सोमवारी वर यायचं. रविवारची सुट्टी संपली की सोमवारी सकाळी अर्धी उपनगरं आमच्याकडे लोटायची, आणि सगळ्या खिडक्यांचं काम एकट्या सुरमईवर पडायचं. मग पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहायचं. रक्त तपासायला उपाशीपोटी आलेली म्हातारी माणसं, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, सगळे त्या चक्राचा राग आमच्यावर काढायचे. कारण सर्व्हर दिसत नाही, खिडकीतली बाई दिसते. अशा सोमवारी सासूबाई खाली यायच्या आणि आमच्या पाठीशी उभ्या राहायच्या. कुणी आवाज चढवला की पुढे होऊन म्हणायच्या, "माझ्यावर ओरडा. ह्या नुसतं टाइप करतात. जे चालत नाहीये ते माझं आहे." लोक खरंच त्यांच्यावर ओरडायचे. त्या ऐकून घ्यायच्या, मग वर जाऊन मालवणीत सुरमईला ऐकवायच्या.

वर्षभर विश्वस्तांच्या मागे लागून त्यांनी शेवटी आणखी दोन सर्व्हर मंजूर करून घेतले, आणि त्यांच्यापुढे ठेवायला एक लोड बॅलन्सर. नव्या सर्व्हरचं बारसं पापलेट आणि हलवा असं झालं. लोड बॅलन्सर म्हणजे काय ते त्यांनी मला घरी कणीक मळता मळता सांगितलं. "चपटा खोका असतो. खिडक्यांकडून आलेलं काम आधी त्याच्याकडे जातं. तिघांपैकी कोण मोकळा आहे ते बघून तो त्याला देतो. एकटी सुरमई मरायला नको." विश्वस्तांनी हात जोडून विनंती केली की निदान ह्या खोक्याला तरी मासा करू नका. सासूबाईंनी दोन दिवस विचार केला आणि त्याचं नाव ठेवलं कोकम. "शाकाहारी आहे आणि माशांबरोबर जातं," म्हणाल्या. विश्वस्त इतके खूश झाले की त्यांनी स्वतः पेढे आणले.

कोकम बसवायला कंपनीकडून शेट्टी नावाचे इंजिनिअर आले. मध्यमवयीन, शांत, केस विरळ झालेले, अंधेरीतच लहानाचे मोठे झालेले. सासूबाईंसारखीच आयुष्यभर वायरी ओढलेला माणूस. पहिल्याच भेटीत दोघांचं जुंपलं, कारण हा खोका लावायच्या दोन पद्धती असतात. सासूबाई त्यांना एक हात आणि दोन हात म्हणतात. एका हाताच्या पद्धतीत खोका रस्त्याच्या कडेला उभा राहतो. त्याला एकच तार. काम तिथूनच येतं, तिथूनच सर्व्हरकडे जातं, उत्तरही तसंच फिरतं आणि बाकी कुणाला जागचं हलवावं लागत नाही. दोन हातांच्या पद्धतीत खोका बरोबर मध्ये उभा राहतो. एका हाताशी खिडक्या, दुसऱ्या हाताशी सर्व्हर, आणि सर्व्हरना आपला जुना रस्ता सोडून कोकमच्या दारातूनच येजा करावी लागते. शेट्टी म्हणाले, "मॅडम, दोन हात करूया. तुमचं सॉफ्टवेअर जुनं आहे, नंतर त्रास नको." सासूबाई म्हणाल्या, "चालत्या सर्व्हरचा रस्ता मी बदलणार नाही. उद्या तुमचा खोका बिघडला तर माझी सुरमई खिडक्यांना थेट दिसली पाहिजे. एक हात पुरे." शेट्टींनी दोनदा समजावलं. सासूबाईंनी दोन्ही वेळा त्यांना आपल्या डब्यातले घावणे वाढले आणि ऐकलं नाही. निवृत्ती अगदी तोंडावर आली होती. जाता जाता आपल्या हातून काही मोडेल, ही एकच धास्ती त्यांना होती, पण ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही.

रविवार ठरला. ओपीडी बंद, तातडीच्या रुग्णांची नोंद हाताने चाललेली. चाचणी घ्यायला आम्हा खिडकीवाल्यांना बोलावलं होतं. मी हट्टाने वर जाऊन सुरुवात बघितली. सासूबाईंनी कोकमच्या पाठीत एक निळी तार घातली, दुसरं टोक लॅपटॉपला. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली. सगळ्यात आधी त्यांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. तोपर्यंत त्या खोलीत कुणालाही श्वास घ्यायची परवानगी नव्हती, आणि नवा टाइप करताना तर शेट्टींनाही भिंतीकडे तोंड करायला लावलं. मग खोक्याला स्वतःचा पत्ता दिला, बाहेर जायचा रस्ता दाखवला, घड्याळ लावलं. "घड्याळ चुकलं की सगळ्या नोंदी खोटं बोलतात," मला म्हणाल्या. मग खोक्याने पद्धत विचारली. एक हात. बटण दाबलं.

आम्ही धावत खाली आलो, आपापल्या खिडकीवर बसलो. मी खोटंच एक नाव घातलं. पापणी लवायच्या आत नोंद झाली! शेजारच्या खिडकीतही तेच. गोल चक्र कुठे दिसेचना. आम्ही टाळ्या वाजवल्या, सासूबाईंनी शेट्टींकडे एक विजयी कटाक्ष टाकला. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की टोकन बाहेर आलं नाही. नोंद झाली की रुग्णाचा नंबर छापलेली छोटी चिठ्ठी प्रत्येक खिडकीच्या प्रिंटरमधून निघते. माझा प्रिंटर गप्प. सगळ्यांचेच गप्प. कागद पाहिला, प्लग पाहिले. आम्ही पुन्हापुन्हा नोंदी करत राहिलो, आणि थोड्या वेळाने, चाचणीसाठी मुद्दाम आलेले विश्वस्त जिन्यावरून खाली उतरले. त्यांच्या गळ्यात, हातात आणि खांद्यावर टोकनांची लांबच लांब माळ होती. "माझ्या केबिनमधला प्रिंटर वेडा झालाय," ते म्हणाले. "थांबतच नाही!"

शेजारच्या खिडकीवरची मुलगी फिसकन हसली. सासूबाईंनी डोळे मिटले. मला वाटतं, त्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं. आमचं जुनं सॉफ्टवेअर काम कुठल्या पत्त्यावरून आलं ते बघून त्या खिडकीच्या प्रिंटरला टोकन पाठवायचं. एका हाताच्या पद्धतीत, उत्तर आपल्याकडेच परत यावं म्हणून कोकम प्रत्येक कामावर स्वतःचाच पत्ता घालत होता. सर्व्हरना सगळ्या खिडक्या म्हणजे कोकमच दिसत होता. आणि ओळखीचा पत्ता नसला की टोकन जायचं ठरलेल्या एका प्रिंटरवर, तो नेमका विश्वस्तांच्या केबिनमधला.

शेट्टींनी सभ्यपणे बाजू सावरायचा प्रयत्न केला. "सर, हा सॉफ्टवेअरवाल्यांचा दोष म्हणायचा. पत्त्यावरून प्रिंटर कोण ठरवतं आजकाल?" सॉफ्टवेअरवाले तिथे नव्हतेच. विश्वस्तही मान डोलवायला लागले होते. सगळं तिथेच मिटलं असतं. सासूबाई म्हणाल्या, "नाही. चूक माझी आहे." आवाज तोच, सोमवारचा. "शेट्टींनी दोन हात सांगितले होते. मी ऐकलं नाही. प्रिंटर कसा ठरतो ते मीच कधीकाळी मंजूर केलंय आणि मीच विसरले."

विश्वस्तांनी गळ्यातली माळ काढली. "मग जुनं होतं तसं लावून टाका मॅडम. उद्या सोमवार आहे."

"जुनं लावलं तर उद्या लोक पुन्हा दुपारपर्यंत ताटकळतील," सासूबाई म्हणाल्या. "मला चहापर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर माझ्या हाताने जुनं लावते आणि तुम्हाला लिहून देते की माझ्यामुळे वाया गेलं."

विश्वस्तांनी माळ टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मी काय करू?"

मग जे झालं ते मी माझ्या माहेरच्या माणसांना इतक्या वेळा सांगितलंय की ते आता मला अडवतात. सासूबाईंनी वर सर्व्हरच्या खोलीत जाऊन आपली खुर्ची शेट्टींना दिली. "तुम्ही सांगा, मी हात चालवते," म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांची ती प्रमुख बाई लॅपटॉप सोडून तारा घेऊन जमिनीवर बसली. शेट्टी पडद्यावरून सांगत गेले, त्या तारा काढत, लावत गेल्या. कोकमचा एक हात खिडक्यांच्या बाजूला, दुसरा सर्व्हरच्या. मग एकेका सर्व्हरला जुना रस्ता विसरायला लावून कोकमचं दार दाखवायचं. सुरमई मुकाट्याने आली. हलवाही आला. पापलेट काही केल्या उत्तर देईना. सासूबाई कपाटामागे शिरल्या. विश्वस्त मोबाईलचा उजेड धरून त्यांच्या मागे वाकलेले. आतून मालवणी सुरू झाली, "खंय गेलंस मेल्या? माका फसवतंस?" आणि नंतर मोठ्याने, "अहो, ही तार भलत्याच खाचेत आहे! मीच घातल्ये!" दुसरी चूकही त्यांनी तितक्याच खणखणीत आवाजात जाहीर केली. वरचं हे सगळं मला नंतर शेट्टींनी सांगितलं; तेव्हा खाली माझ्या खिडकीवर बसून मला जिन्यावरून फक्त विश्वस्तांचा आवाज ऐकू आला. आयुष्यात मांसमच्छीचं नाव न घेतलेला तो गृहस्थ गळा काढून ओरडत होता, "पापलेट आला का? शेट्टी, बघा ना, पापलेट आला का?" आणि मग अख्ख्या इमारतीत घुमेल असं, "आला! पापलेट आला!"

मी नाव घातलं. माझ्या प्रिंटरने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि टोकन बाहेर ढकललं. शेजारच्या खिडकीचं शेजारच्या खिडकीतून. कँटीनवाल्याने चहा आणला तेव्हा सासूबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, केसांत जळमट, ओढणीला काळं. शेट्टींना म्हणाल्या, "तुमचं आधी ऐकलं असतं तर जेवायला घरी गेला असतात." शेट्टी हसले. "मॅडम, मी वीस ठिकाणी हे खोके लावलेत. असं तोंडावर कुणी म्हटलं नाही अजून." मग दोघांनी एकाच बशीतली बिस्किटं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. गर्दी नेहमीइतकीच, पण रांग सरकत होती. त्या खाली आल्या आणि सवयीने आमच्या पाठीशी उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या होत्या. कुणीच ओरडलं नाही. शेवटी मला हळूच म्हणाल्या, "मी जाऊ का गं वर?" इस्पितळात त्यांनी मला "गं" म्हटलं ते तेवढं एकदाच. माझ्यासमोरच्या माणसाला मी थांबायला सांगितलं आणि सरळ उठून त्यांना वाकून नमस्कार केला. "काय हे, खिडकी क्रमांक तीन," त्या रागावल्या, "रांग आहे ना पुढे!"

त्यानंतर लवकरच त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेले चांगले आहेत, हुशार आहेत, टेबलाखाली जात नाहीत. नव्या सर्व्हरना आकडे आहेत. घरी सासूबाईंनी सोसायटीच्या सगळ्या वायरींची दोन्ही टोकं शोधून काढली आहेत, आणि आता नॅशनल पार्कच्या बाजूच्या बाल्कनीत त्या माकडांशी भांडत बसतात, तेही मालवणीतच.

मध्यंतरी त्यांचा गुडघा फार दुखायला लागला. मी म्हटलं, "आई, मी आधीच नोंद करून ठेवते, तुम्ही थेट डॉक्टरांकडे जा." ते त्यांना अजिबात पटलं नाही. सकाळी माझ्याबरोबर आल्या आणि सगळ्यांसारख्या रांगेत उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं, माझ्याच खिडकीवर येतील, पण त्यांची पाळी आली तेव्हा शेजारची खिडकी मोकळी झाली. तिथे नवी मुलगी बसते, यंदाच लागलेली, कामाला चटपटीत. माझ्यासमोर एक बाई आपल्या नातवाची जन्मतारीख आठवत होत्या, त्यामुळे मला मध्ये बोलता आलं नाही. त्या मुलीने मान वर करून गोड आवाजात विचारलं, "आजी, इथे पहिल्यांदाच आलात का?"

सासूबाईंनी खिडकीच्या आत नजर टाकली. टेबल, खाली गेलेल्या तारा, मागची मोकळी जागा.

"या बाजूने पहिल्यांदाच," त्या म्हणाल्या.

मुलीला काही कळलं नाही. तिने नाव विचारलं, वय विचारलं, नंबर दिला आणि बाकाकडे बोट दाखवलं. सासूबाई गुडघा सांभाळत तिकडे गेल्या, एका लेकुरवाळीने सरकून दिलेल्या जागेत बसल्या, आणि इतर सगळ्यांसारख्या आपला नंबर पुकारला जायची वाट बघू लागल्या.